मागच्या दारावरचा सेन्सर

आत्याचे कान हळूहळू गेले, पण बाबांचा निर्णय एका दुपारीच झाला. आत्या मागच्या पडवीत अबोलीचे गजरे ओवत बसली होती आणि कुणीतरी पुढच्या दाराने शिरून न्हाणीतला तांब्याचा हंडा उचलून नेला. एवढा मोठा हंडा! नेताना आवाज झालाच असणार. तिला ऐकू आला नाही, एवढंच.

बाबा तिचे थोरले भाऊ. नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. आम्ही आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायचो. आत्याने लग्न केलं नव्हतं. वसईच्या किनाऱ्याकडची आमची वाडी तीच सांभाळायची. केळी, नारळ, फुलं, सगळं तिच्या हातचं. बाबांनी जेवता जेवता जाहीर केलं, "दिवाळीच्या आत तिला इकडे आणायची. कायमची. उद्या कोणी हंड्याऐवजी तिच्या डोक्यात काही घातलं तर?"

मी आत्याला हे सांगायला गेले. ती माझ्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची. सगळं समजून घेऊन म्हणाली, "तुमच्या गॅलरीत अबोली जगेल का गं?"

आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! बाबांवर नाही, त्या हंडाचोरावर. तो सापडला असता तर त्याच हंड्यात बुचकळून काढला असता त्याला.

मी डिप्लोमा करून वालीवच्या एका लहानशा कारखान्यात लागले होते. आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचो. आमच्या मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून एक दिवा आणून गेटवर लावला होता. माणूस जवळ आला की आपोआप लागायचा, गेला की विझायचा. वॉचमन त्याला भुताचा दिवा म्हणायचा. एके दिवशी डबा खाताना माझा घास हातातच राहिला. अगं बाई! आत्याला बेल ऐकू येत नाही, पण दिवा तर दिसेल! सेन्सर दारात आणि दिवा ती बसते तिथे! मी डबा तसाच टाकून मैत्रिणीच्या पाठीत गुद्दा घातला, म्हटलं, सापडलं.

बाबा म्हणाले, "खेळ आहेत हे. पण कर. दिवाळीपर्यंत काय ते कर."

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. एक सेन्सर स्वतः लहरी सोडायचा. त्याला पातळ भिंतीपलीकडची हालचालसुद्धा कळायची. दुसरा काहीच सोडत नव्हता. समोरून अंगाची ऊब सरकली की ओळखायचा. पलीकडच्या गल्लीतल्या मांजरासाठी आत्याला उठवायचं नव्हतं, म्हणून मी दुसरा मागितला. तर तो मला म्हणतो, "मॅडम, वायरिंग आपसे नहीं होगा. घर में कोई जेंट्स हो तो भेज दो." मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या मागच्या फळीवर जे स्टॅबिलायझर आहेत ना, तसल्यांच्या पोटात रोज माझेच हात असतात. गुपचूप बिल करा." त्याने गुपचूप बिल केलं, वर इन्सुलेशन टेपही फुकट दिली.

रविवारी मेन स्विच पाडला आणि वाशांवरून केसिंग पट्टी मारत वायर नेली. सेन्सरला फेज द्यायचा, न्यूट्रल द्यायचा आणि त्याच्यातून निघणारी तिसरी वायर दिव्यांकडे न्यायची. तीन ठिकाणी लाल बल्ब लावले, स्वयंपाकघरात, पडवीत आणि देवाच्या खोलीत. आत्या शिडी धरून उभी. "लाल कशाला गं? घरात काय गणपती बसवलाय?" मी म्हटलं, "दिवसाही नजरेत भरला पाहिजे ना."

मेन स्विच चढवला. पुढच्या ओटीवर गेले, दारासमोर आले. काही नाही. हात हलवले, उड्या मारल्या, पदराने वारा घातला. ढिम्म! आत्या आतून विचारतेय, "आलीस का?" सगळे जोड पुन्हा उघडले, टेस्टर लावला, वीज तर होती. चरफडत सेन्सरवर पालथा हात आपटला तर आतून आत्या ओरडली, "लागला, लागला!" मग पेटली माझी ट्यूब. त्याच्या खाली एक बारकी खुंटी होती, एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला चंद्र. ती चंद्रावर होती. म्हणजे अंधार असला तरच तो काम करणार. माझ्या हाताने झाकला तेव्हा त्याला अंधार वाटला. कपाळावर हात मारला आणि खुंटी सूर्यावर फिरवली. टिक्! तिन्ही बल्ब एकदम! आत्याने मला पुन्हा बाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं, पुन्हा बाहेर. दोघी नुसत्या हसत सुटलो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पुढच्या रविवारी गेले तर आत्याचा चेहरा उतरलेला. "दिवा लागत नाही?" "तू आलीस की लागतो," ती म्हणाली. "बाकी कोणी आलं की नाही. पलीकडची वहिनी फुलांना येऊन परत गेली म्हणे, आणि पडवीत मासेवाली कधी येऊन बसली ते कळलंच नाही मला."

फ्लॅटमध्ये राहून इतकी विसरले होते मी! आमच्या वाडीत ओळखीचं माणूस पुढच्या दाराने येतच नाही. पुढून येणार सत्यनारायणाचे भटजी, मीटर बघणारा आणि मुलगी पाहायला आलेली मंडळी. बाकी सगळं गाव विहिरीवरून, केळीतून, मागच्या दाराने. आणि मी इंजिनीअरीणबाई पुढच्या दारावर सेन्सर ठोकून मोकळी! तो तिथे राहू दिला, चोरासाठी, आणि मागच्या दारासाठी दुसरा आणला.

तो मागच्या दाराच्या वर, वाटेकडे तोंड करून लावला आणि त्याच बल्बांना जोडला. तर त्याने वेगळंच नाटक सुरू केलं. माणूस सरळ त्याच्याकडे चालत आला तर त्याला दिसायचा अगदी उंबऱ्यावर पोचल्यावर. आणि कोणी नसताना मात्र बल्ब दुपारभर पुन्हा पुन्हा पेटायचे. आत्या दर वेळी हातातलं टाकून उठायची, बाहेर बघायची, कोणी नाही. "केळी येतात गं मला भेटायला," ती म्हणाली आणि हसली, पण दमली होती. खरंच केळीच होत्या त्या. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली पानं वाऱ्याने हलली की सेन्सरला वाटायचं, आलं कोणीतरी. बाबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उठून उठून तिचे गुडघे जातील. पुरे झालं आता. या शनिवारी मी तिला आणायला जातो."

मी हट्टाला पेटले. शुक्रवारी अर्धी रजा टाकून थेट वाडीत. समोरून येणारं माणूस त्याला उशिरा दिसतं, आडवं जाणारं लगेच दिसतं, एवढं मला वालीवच्या गेटपाशी लक्षात आलं होतं. म्हणून त्याला दारावरून काढला आणि वाटेच्या बाजूच्या खांबावर लावला, वाट आडवी कापेल असा. त्याच्या भिंगाचा जो भाग केळीकडे बघत होता तो टेपने झाकून टाकला. मग पायरीवर बसून टक लावून पाहत राहिले. वारा आला, पानं सळसळली. बल्ब गप्प. विहिरीकडून वहिनी आली. टिक्! आत्या उंबऱ्यात येऊन म्हणाली, "ये गं वहिनी." अहो, मी तिथेच ओरडले! वहिनीच्या हातची परडी पडली.

शनिवारी बाबांबरोबर मी गेले. त्यांच्या हातात रिकामी बॅग होती, आत्याचे कपडे भरायला. मी विहिरीपाशी थांबले, त्यांना म्हटलं, "तुम्ही एकटे पुढे व्हा." ते वाटेने गेले, दारात उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. राहवेना म्हणून मीही मागे धावले.

आत्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती, वाडीकडे बघत, दाराकडे पाठ करून. हातात दोरा, मांडीवर अबोली. खिडकीवरचा लाल बल्ब लागलेला. मागे न वळताच ती म्हणाली, "कोण आलं ते बसा हं. एवढा गजरा संपवते."

बाबांनी पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली नाही. वर बघून म्हणाली, "दादा! तू होय?"

"दाराकडे पाठ करून काय बसतेस गं?"

"बसू दे रे," ती म्हणाली. "कान गेल्यापासून दाराकडेच तोंड करून बसले. जेवायला तशीच, गजरे करायला तशीच. देवापुढे हात जोडले तरी मान दाराकडे. ही खिडकी इथे आहे, हेच विसरले होते मी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बॅग खाली ठेवून बाबा तिला वळसा घालून खिडकीपाशी गेले, तिला ओठ नीट दिसावेत म्हणून तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "भाऊबीजेला ताट तयार ठेव. मी येतो ओवाळून घ्यायला. इथे, तुझ्या घरी."