बर्फीच्या कपाटातले ट्राउट

रुपाली आमच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पीयूष मागितलं, आणि ग्लास तोंडाला लावायच्या आधी कपाटावरचा तापमानाचा आकडा वाचला. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई साधी नाही. भोईवाड्यात आमचं दुधाचं आणि मिठाईचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते. आमचे हे, म्हणजे गंगाधरराव, आत चक्का बांधतात, पेढे वळतात आणि मध्येच बाहेर येऊन गिऱ्हाइकांशी नको तेवढ्या गप्पा मारतात. रुपालीशी त्यांची अशीच गट्टी जमली.

ती परळच्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माशांचे रोग तपासते. राहायला लालबागला. चाळीशीची, बुटकी, चालणं असं की पुढच्यानं बाजूला व्हावं. "माशांना कसले गं रोग होतात?" ह्यांनी विचारलं होतं. "आपल्यासारखेच, काका. व्हायरल. फक्त त्यांना सिक लीव्ह मिळत नाही," ती म्हणाली, आणि हे दिवसभर तेच सगळ्यांना सांगत सुटले.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी, ही बाई छातीशी एक थंडाव्याची पिशवी धरून आत घुसली. "काकू, बर्फीचं कपाट अजून अठरा डिग्रीवरच आहे ना? मला त्यातला एक कप्पा पायजे."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" तिचे डोळे भरून आले तसा माझा सूर आपोआप खाली आला.

प्रकरण असं होतं. हिमाचलात नेगी नावाचे एक गृहस्थ ट्राउट मासे पाळतात. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, सॅमन माशाचा चुलतभाऊ. नेगींच्या तळ्यातली काही पिल्लं काळवंडली, पोटं फुगली, गरगर फिरून मेली. त्या विषाणूवर औषध नाही. तो निघाला तर असतील नसतील तेवढे मासे मारायचे आणि तळी कोरडी करायची. झटपट तपासणी झाली होती, पण ती धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. आता खरं काय ते एकाच प्रकारे कळणार होतं. विषाणू मेलेल्या वस्तूत वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. रुपालीनं बाटल्यांमध्ये ट्राउटच्या निरोगी पेशी वर्षानुवर्षं खाऊ-पिऊ घालून वाढवल्या होत्या. त्यांच्यावर नेगींच्या माशांचा नमुना सोडायचा. पेशी गळून पडल्या तर रोग आहे, टिकल्या तर नाही.

नमुना प्रयोगशाळेत डीप फ्रीजरमध्ये सुरक्षित होता. पण पेशी ठेवायची थंड पेटीच बंद पडली. साध्या फ्रिजमध्ये त्या गारठून बसतात, बाहेर आपल्या उकाड्यात मरतात. राखीव गोठवलेल्या होत्या, त्या वितळवल्यावर उठल्याच नाहीत. आणि पेटी दुरुस्त करणारा राजेश गणपतीला कणकवलीला गेलेला. फोन केला की मागून भजनाचे टाळ ऐकू येत आणि तो म्हणे, "मॅडम, गौरी गेल्याशिवाय कसा येऊ?"

"मीपण गावी गेले नाही, काकू," रुपाली म्हणाली. "सासूबाई फोनवर ओरडतायत. गो, गणपतीक येवचा सोडून मासळीची उस्तवार करतंस?"

तिच्या सासूबाई मालनताई मला ठाऊक होत्या. त्या ओरडतात तेव्हा फोनची गरज नसते.

"मग जा ना," मी म्हटलं. "त्या नेगीचं जे व्हायचं ते होईल."

"मी शाळेत होते तेव्हा बाबांची गिरणी अशीच बंद झाली. कुणीतरी वरून म्हणालं बंद, की बंद. नीट तपासलंपण नाही कुणी. नेगीसाब रोज फोन करतात, मॅडम, रिपोर्ट आया क्या. मी काय सांगू, माझी पेटी बिघडली म्हणून तुमचे मासे मारा?"

तेवढ्यात हे आतून हात पुसत आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मासे? बर्फीशेजारी? आणि गणपतीत?"

"मासे नाहीत काका, पेशी. आणि बाटल्या बंद असतात."

हे विचारात पडले. संध्याकाळी संध्या करणारा माणूस. मग त्यांनी एकच विचारलं, "जिवंत आहेत का?"

"आहेत, काका."

"मग झालं तर. मेलेलं मांस मी दुकानात घेणार नाही. जिवंत जीव दारात आला तर त्याला नाही म्हणता येत नाही. नदीत मासे असतात म्हणून आपण गंगेला पवित्र म्हणायचं सोडतो का?" असलं शास्त्र ह्यांना आयत्या वेळी कुठून सुचतं, देव जाणे.

दोन चपट्या बाटल्या मधल्या कप्प्यात आडव्या ठेवल्या. आत गुलाबी पाणी, ते पेशींचं खाणं. डोळ्यांना पेशी काही दिसत नाहीत. "पाणी गुलाबी आणि स्वच्छ राहिलं की समजायचं बऱ्या आहेत. गढूळ झालं की जंतू शिरले. तुमच्याकडं दह्याचे जंतू हवेतच असतात, म्हणून टोपण अजिबात उघडू नका," रुपालीनं बजावलं.

कपाट सारखं उघडलं तर थंडावा जाईल, म्हणून ह्यांनी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. ऐन गणपतीत बर्फीचं कपाट बंद! मी अशी भडकले म्हणून सांगू. गिऱ्हाइकं काचेतून बर्फी बघत आणि मी त्यांना पेढे गळ्यात मारत बसले. एक आजीबाई तर हट्टालाच पेटल्या की आम्हांला ते बाटलीतलं गुलाब सरबतच हवं. हे शांतपणे म्हणाले, "ते हिमाचलच्या पाहुण्यांचं आहे."

चतुर्थीला दुकानात पूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी तराजूला, फ्रिजला, चक्क्याच्या खुंटीलासुद्धा हळदकुंकू लागतं. संध्याकाळी रुपाली आली, कपाट उघडलं आणि किंचाळली. एका बाटलीच्या टोपणावर ठसठशीत कुंकू.

"अगं, एकालाच लावलं," हे चाचरत म्हणाले. "एकाला लावलं की सगळ्यांना पोचतं. आणि टोपण जरा सैल लागलं हाताला, म्हणून घट्ट फिरवलं. उघडलं नाही गं, शपथ."

रुपाली चिडली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. कुंकवाची बाटली तिनं खालच्या कप्प्यात वेगळी ठेवली. "ही आता बाद धरायची. दुसरी आहे," एवढंच म्हणाली आणि त्या दुसरीला भीतीनं हातही लावला नाही. हे रात्री जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

गौरी गेल्या आणि राजेश आला. पेटी सुरू झाली त्या सकाळी रुपाली बाटल्या न्यायला आली. ह्यांनी जानव्याची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. मधल्या कप्प्यातली, ती चांगली धरलेली बाटली रातोरात ताकासारखी गढूळ झाली होती. रुपालीनं टोपणाला बोट लावलं तर ते सहज फिरलं. प्रयोगशाळेतून घाईत निघताना तिच्याच हातून दोन्ही टोपणं सैल राहिली होती. मग तिनं खाली वाकून कुंकवाची बाटली उजेडात धरली. पाणी गुलाबी. काचेसारखं स्वच्छ.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही हिला घट्ट केलं होतं." आणि हसता हसता रडायला लागली. ह्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी तिच्या हातावर बर्फी ठेवली.

पुढं त्या एका बाटलीतल्या पेशी तिनं वाढवल्या, त्यांच्यावर नमुना सोडला आणि वाट पाहिली. मधल्या काळात आमचे हे तिला रोज विचारत, "काय म्हणतायत मंडळी?" आणि ती म्हणे, "अजून बाटलीला चिकटून आहेत."

खंडेनवमीला ती दुकानात आली. "काका, काकू, चला. आमच्या यंत्रांची पूजा आहे. पेटीला कुंकू तुम्हीच लावायचं. बाहेरून हं!"

ह्यांनी स्वच्छ धोतर नेसून पेटीच्या दाराला कुंकू लावलं. मग रुपालीनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग ते एकदम मला म्हणाले, "अगो बाई, ललिता, थापलेल्या बर्फीसारखं एकसंध आहे गं! कुठं भोक नाही, भेग नाही."

"विषाणू असता तर आत्तापर्यंत चाळण झाली असती," रुपाली म्हणाली. "दुसऱ्यांदा लावूनपण बघितलंय. काही नाही. पिल्लं दुसऱ्या कशानं मेली असतील, ते शोधू. पण तळी वाचली." आणि तिनं तिथूनच नेगींना फोन लावला. पलीकडून पाण्याचा खळखळाट येत होता. पेशी टिकल्या तर रोग नाही, हे तिनं नेगींना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी रिपोर्टचं नाव काढलं नाही. घाबरत एवढंच विचारलं, "मॅडम, वो सेल... जिंदा हैं?"

रुपालीनं फोन ह्यांच्यापुढं केला. आमचे हे जन्मात कधी चार वाक्यं धड हिंदीत बोलले नाहीत. पण कुंकवाचं बोट वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "नेगीसाब, सगळे जिंदा!"