धोंडूकाकांचं ऐकायचं मशीन

भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत कुणाला मन मोकळं करायचं असलं, की तो धोंडूकाकांच्या ओट्यावर येऊन बसायचा. काका ठार बहिरे. गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बत्तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. मग ब्याऐंशीच्या संपात गिरणीही गेली. बहिऱ्याला सांगितलेलं बाहेर फुटत नाही, म्हणून शेजारची शेवंती नवऱ्याच्या दारूचं सांगून जायची, समोरचा लवू आपल्या लफड्याचं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

आता साच्यांच्या त्या खडखडाटात कामगार एकमेकांशी बोलत कसे, हा साधा प्रश्न चाळीतल्या एकाही शहाण्याला पडला नाही. ते ओठ वाचत. दहा साच्यांपलीकडून दिलेली शिवीसुद्धा काकांना स्वच्छ कळायची. चाळीतलं काही म्हणता काही त्यांच्यापासून लपलं नव्हतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त बोलायची ती त्यांची सून, सुलक्षणा. दुपारी समोर सूप घेऊन तांदूळ निवडायची आणि माहेरचं, नवऱ्याच्या तिरसटपणाचं, मनातलं सगळं सांगायची. काम गेलेल्या काकांचा दिवस त्या एका तासासाठी उजाडायचा.

शहाऐंशी साली विज्ञान टेकडी चढून आलं. मुलगा चंद्रप्रकाश बापासाठी ऐकायचं मशीन घेऊन आला. खिशात ठेवायची सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी आणि तिच्यातून कानात गेलेली वायर. बघायला अख्खी चाळ लोटली. "झकास!" लवू म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

काकांना खरंच ऐकू येऊ लागलं. नळावरच्या बादल्या, स्टोव्हची फरफर, खिशात घासणाऱ्या स्वतःच्याच सदऱ्याचा आवाज. माणूस तेवढा ऐकू येईना, कारण कुणी बोलेचना. लवू ओट्यावरून परस्पर पुढे जायचा. शेवंती तोंडाला पदर लावायची. सुलक्षणा तर सूप घेऊन आत, पाठमोरी बसू लागली. बत्तीस वर्षं साच्यांना जे जमलं नाही ते त्या डबीने आठ दिवसांत करून दाखवलं. काका आता खरे बहिरे झाले.

महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एके सकाळी डबीतला सेल गटारात टाकला आणि मशीनची वाट लागल्याचं जाहीर केलं. सुलक्षणाने खात्री करून घ्यायला त्यांच्या पाठीमागे थाळी आपटली. काका हलले नाहीत. दुपारी ती सूप घेऊन समोर येऊन बसली, तेव्हा काकांना इतका आनंद झाला की तो लपवणं कठीण गेलं.

"बाबा, कसं सांगू तुम्हाला," ती म्हणाली, "बोरीवलीला खोली घेतोय आम्ही. लहान आहे. तुम्हाला गावच्या घरी ठेवायचं ठरवलंय ह्यांनी. मशीन त्यासाठीच आणलं हो. तिथे एकट्याने राहायचं, तर कुणी हाक मारलेली ऐकू नको का यायला? मी खूप भांडले. माझं कोण ऐकतंय?"

तिच्या बोलण्याला त्यांनी आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं.

"नवो सेल घेवन येवक सांग गो त्याका," ते म्हणाले. "गावाक एकटो रवतलंय, म्हणजे ऐकाक येवक होया."