जुबेदाचं दुखणं, जुबेदाची जीभ

परदेशात एका बिल्डिंगीत चार कोकणी घरं राहिली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आम्ही कतारला, दोह्यात होतो. आमच्या बिल्डिंगीतले निम्मे किस्से एकट्या जुबेदाचे. मी महाडची, ती रत्नागिरीची, दारासमोर दार. तिचा नवरा युसूफ बंदरावर क्लार्क.

तिसऱ्या बाळंतपणात जुबेदाचं इतकं रक्त गेलं की सगळ्यांनी आशा सोडली. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. शुद्धीवर आली तेव्हा नर्स म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात."

ही म्हणते, "जाते कुठं? पासपोर्ट यांच्या कंपनीकडं जमा आहे."

*

मुलगी झाली, पण दूध आलंच नाही. तेव्हा गावाहून पत्राऐवजी कॅसेट यायची. सासूबाईंनी कॅसेटभर सुनावलं: मेथी खा, अळीव खा, आईला माया असली की पान्हा फुटतो.

जुबेदानं उलट कॅसेट भरून पाठवली. "माया माझ्याकडं आहे, दूध डब्यात आहे. पोरीला दोन्ही मिळतंय."

*

मग ती मंदावत गेली. केस विरळ झाले, पाळी परत आली नाही, ऑगस्टच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायची. दवाखान्यात म्हणायचे, वीकनेस आहे, टॉनिक घ्या.

तिचे मोठे दीर कुवेतहून आले. तिला भरदुपारी झोपलेली पाहून युसूफला म्हणाले, "हिला गावी धाड. तुझं दुसरं बघू."

जुबेदा भिंत धरत बाहेर आली.

"भाईजान, आजारी बाईला डॉक्टरकडं नेतात, आळशी बाईला कामाला लावतात. मी कोण ते आधी ठरवा. मग लग्नाचं बोला."

विषय तिथंच खलास.

*

पुढं साध्या तापात ती कोसळली. उलट्या थांबेनात, बीपी पार उतरलं. हॉस्पिटलात एक सुदानी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं? पाळी आली? उत्तरं ऐकून, तपासण्या करून त्यांनी सांगितलं: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. अख्ख्या शरीराला कामाला लावते ती. रक्त कमी पडलं तेव्हा ती सुकली. आता गोळ्या जन्मभर, एकही चुकवायची नाही.

मी उशाशीच होते, 'जन्मभर' ऐकून मला रडू फुटलं. जुबेदा मात्र उठून बसली.

"म्हणजे मी आळशी नाही. आपा, यांना बाहेरून बोलाव. बाईंना म्हणावं, यांच्यासमोर परत सांगा. सावकाश."

युसूफनं खाली मान घालून सगळं ऐकलं. त्यानंतर सकाळची गोळी तोच हातावर ठेवायचा.

*

गोळ्यांनी वर्षभरात तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. रमजानात तिच्या किचनमध्ये आम्ही बायका इफ्तारीचं करत होतो. जुबेदा सोडून सगळ्यांचे रोजे, मीठ-तिखट अंदाजानंच. दुपारी जुबेदानं आमच्यादेखत गोळी तोंडात टाकली आणि ग्लासभर पाणी प्याली.

एक नवी शेजारीण म्हणाली, "चांगली धडधाकट दिसतेस. निदान आमच्यासमोर तरी नको."

जुबेदानं ग्लास पालथा घातला. पळी उचलली, खिम्यात बुडवली, फुंकर मारून चाखली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "कुणाला खात्री करून घ्यायचीय?"