तोंडातला घोट

बाईंचा वर्ग नेमका कुठे भरतो, हे सांगणं अवघड. एका पडद्यावर तीन देशांतली विद्यापीठं. एका चौकटीत कोवळं ऊन, दुसरीत भर दुपार, तिसरीत दिवेलागण. बघता बघता बाईंना वाटायचं, अख्खा दिवसच आपल्यासमोर शिकायला बसलाय.

परक्या मुलखातल्या माणसांशी बोलावं कसं, हे बाई शिकवत. त्यातला पहिला धडा गप्प बसण्याचा. कुणाकडे गप्प राहणं म्हणजे नकार, कुणाकडे विचार, कुणाकडे चक्क मान. आता बाई जन्माच्या बडबड्या! म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. प्रश्न विचारायचा, पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि कुणी बोलेपर्यंत गिळायचा नाही. फुगलेले गाल बघून पोरं आधी खुदखुदत. मग दिवेलागणीच्या चौकटीतली, कधीच न बोलणारी मुलगी हळूच बोलू लागे.

घरी मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान! लेकीने तोंड उघडलं की वाक्य बाईच पुरं करत. मागच्या खेपेला ती "आई, आमचं दोघांचं..." एवढंच म्हणाली, तोच बाईंनी ऐकवलं, "अगं, भांड्याला भांडं लागायचंच." लेक आल्या पावली परत गेली. तेव्हापासून फोनवर नुसतं हो किंवा नाही. बाईंच्या जिवाला घोर लागला होता. पोर कायमची तुटते की काय?

आणि आज वर्ग संपता संपता ती दारात उभी.

दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. ओट्यावरचं ऊन सरकत सरकत फरशीवर उतरलं. बाईंच्या जिभेवर दहा प्रश्न आणि वीस सल्ले. त्यांनी पेला उचलला आणि घोट घेतला.

लेक त्या गालांकडे बघत राहिली. "मी काय तुझी विद्यार्थिनी आहे?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते.

ऊन फरशीवरून दारापर्यंत गेलं. मग लेक म्हणाली, "मागच्या वेळी आले ना, तेव्हाच मी ते घर सोडलं होतं. बॅग खाली जिन्यात ठेवून वर आले होते."

बाईंनी पेला बाजूला सरकवला.

"गिळ आता. झालं माझं सांगून."

बाईंनी गिळला नाही. लेकीचा हात तेवढा हातात घेतला. झालेलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आणि खरंच, थोड्या वेळाने लेक पुढचं सांगू लागली.