दोन गट, एक गच्ची

पन्नाशीच्या तोंडावर मी मानसशास्त्रात पीएच.डी. करायला निघाले. विषय झोकात होता: झोपण्याआधी सावकाश श्वास घेण्याचा व्यायाम केला, तर बायकांची झोप सुधारते का? माझे गाईड माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, "मॅडम, सगळ्यांची आताची झोप नोंदवा, मग दोन गट करा. एकाला व्यायाम शिकवा, दुसऱ्याला काही सांगू नका. महिन्याने तुलना करू." मुदतवाढ शेवटची होती. यंदा प्रबंध गेला नाही, तर नोंदणीच रद्द.

मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांच्या चिठ्ठ्या टाकल्या, गट पाडले. व्यायाम शिकवलेल्या बायकांना मी नाटकातल्या राणीच्या थाटात शपथ घातली, "कुणापुढे चकार शब्द काढायचा नाही!" सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

आणि महिना कोणता निवडला? एप्रिल! आमच्याकडे एप्रिलमध्ये पापड. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे; आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळी गल्ली हजर. हात पिठात, तोंड मोकळं. जळगावात जन्म गेला, तरी मला हे आठवलं नाही.

आठवडाभरातच शेजारच्या गच्चीवर पापड लाटायला गेले, तर दोन्ही गट गोल बसून, डोळे मिटून, नाकाने लांब श्वास ओढत होते. मला हसू फुटलं, आणि लगेच मुदतही आठवली.

"हे काय चाललंय?"

शेजारीण डोळे उघडून कौतुकाने म्हणाली, "बठ्ठीस्ले शिकाडी दिधं मी. तुन्हा तरास वाचना, अक्का!"

"अगं, सगळ्यांना शिकवलंस? शपथ घातली होती ना?"

दुसऱ्या गटातली एक फणकारली, "मंग आमी काय सवती शेतस का?"

मी लाटणं उचललं.

गाईडना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "दूरच्या दोन गावांत नव्याने करायचं, तर वर्ष लागेल."

"वर्ष नाहीये."

"मग एकच गट धरा. व्यायामाआधीची झोप आणि नंतरची."

"आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, की झोप व्यायामाने सुधारली की पापड लाटून दमल्यामुळे, तर?"

त्यांनी आराखड्याचा कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम," ते म्हणाले, "विचारतीलच."

मी एकाच गटाचा आराखडा भरून दिला. दुसरा होता कुठे?