घाडीकाकांचा बँजो

विजयाची मिरवणूक सामन्याआधी ठरवून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: दत्ताराम घाडी. बोरीवली पूर्वेला आमच्या वसाहतीत ते तळमजल्यावर राहत. सगळे त्यांना घाडीकाका म्हणत. कबड्डीची स्पर्धा जाहीर झाली, की ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मोरे मास्तरांकडे जात आणि बँजोची सुपारी देऊन येत. बँजो म्हणजे मास्तरांचं पथक: ढोल, ताशे, एक कीबोर्ड आणि हातगाडीवर बांधलेले कर्णे. आमच्या वसाहतीच्या संघाचं नाव उगवतीचा तारा क्रीडा मंडळ. या मंडळाने तोवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती.

आमच्या भागातल्या स्पर्धा एकाच दिवसात उरकतात. सकाळी पहिली फेरी, संध्याकाळी अंतिम सामना. आमचं मंडळ साधारण जेवणाच्या सुमारास बाहेर पडे. बँजो मात्र संध्याकाळी ठरल्याप्रमाणे हजर होई, आणि आलेलं पथक न वाजवता परत पाठवणं काकांना अपशकुनाचं वाटे. मग जो संघ जिंकेल त्याच्यापुढे ते पथक वाजे. काका स्वतः बरोबर चालत, रिक्षा थांबवून वाट करून देत, आणि विजेत्यांना त्यांच्या गल्लीपर्यंत पोचवून घरी येत. पुढे पुढे तर आयोजकांनी स्वतःचा बँजो सांगणंच बंद केलं. उगवतीचा तारा स्पर्धेत आहे ना, एवढं ते विचारून घेत.

काका महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले होते. वस्त्यांना पाणी सोडणाऱ्या झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या, हे त्यांचं काम. बायका घागरी घेऊन अंगावर धावून येत तेव्हा द्यायचं एक उत्तर त्यांनी नोकरीत तयार केलं होतं. तेच उत्तर ते संघाबद्दल देत.

"पाणी येतला," ते म्हणत. "दाब कमी आसा. पण येतला."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो आणि वर्तमानपत्रात काम करायचो. स्थानिक स्पर्धांचे निकाल आमच्याकडे एका वाक्यात छापले जात. अमुक संघाने तमुक संघावर मात केली. काका सकाळी अंक घेऊन जिन्यात उभे राहत.

"नाव इला रे. पण दुसरा इला."

"काका, जिंकणाऱ्याचं नाव आधी येतं."

"माका म्हायत आसा. घाई नाय. तुझो पेपर काय बंद पडत नाय."

सुनंदाकाकींना या सगळ्यात फारसा रस नव्हता. मिरवणूक सोडून काका घरी आले, की त्या दारातच विचारत, "कोणाची वरात काढून इलात आज?" त्यांची एक तक्रार साऱ्या वसाहतीला पाठ होती. "आमच्या लग्नात साधी पिपाणी नव्हती. खर्च कशाक, म्हणाले. आता लोकांच्या झिलांपुढे बँजो लावतत."

काका पायांना तेल चोळत बसत.

मोरे मास्तर या प्रकाराला सरावले होते. सुपारी घेताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "काका, या वेळी कुठल्या गल्लीत जायचं?" आपल्या पोरांना चढ किती लागेल, हातगाडी वळेल का, हे त्यांना आधी माहीत हवं असे. काकांचं उत्तरही ठरलेलं.

"आपल्याच."

मास्तर मान डोलावत आणि बाकीच्या गल्ल्याही एकदा पाहून ठेवत.

मग वसाहत पुनर्विकासात गेली. इमारती पाडायच्या, तीन वर्षांनी नवीन घरं मिळायची, तोवर ज्याने त्याने भाड्याने राहायचं, असं ठरलं. पोरं विखुरणार होती. कोणी नालासोपाऱ्याला खोली बघितली होती, कोणी बदलापूरला. संघ राहणार नव्हता, आणि इमारतींमधलं मैदान नव्या नकाशात गाड्यांसाठी होतं. निघण्याआधी मंडळाने त्या मैदानावर एक शेवटची स्पर्धा घ्यायचं ठरवलं. काका पहिल्यांदा थोडे घाईत दिसले.

"एकदा," ते मला म्हणाले. "एकदा बँजो आमच्या गल्लीत आत येवक होयो. मगे पाडा काय ता."

त्या दिवशी आमच्या संघाने सकाळचे दोन्ही सामने जिंकले. उपान्त्य फेरीत समोरचा संघच आला नाही, पंचांनी पुढे चाल दिली. मंडळाच्या इतिहासात नसलेली गोष्ट घडली: जेवून आल्यावरही आमचा संघ स्पर्धेत होता. खेळाडूंनाच ते नवीन होतं. संध्याकाळच्या सामन्याला टी-शर्ट धुतलेले नव्हते.

अंतिम सामना आरेच्या एका पाड्यावरच्या संघाशी होता. हा संघ काकांच्या चांगल्या ओळखीचा. त्यांच्या पाड्यापर्यंत काका बँजो घेऊन तीनदा गेले होते. त्यांचा कर्णधार मंगेश मैदानात आल्याआल्या काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, या वेळी चढावर हातगाडी आम्ही ढकलू. मास्तरांना त्रास नको."

"ह्या वेळी चढ नाय," काका म्हणाले.

सामना विलक्षण चुरशीचा झाला. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. चढाईला संदेश गेला. दिवसा तो जिने चढून-उतरून घरोघरी पार्सलं पोचवायचा, त्यामुळे पाय तयार होते. त्याला काही करायचं नव्हतं. "कबड्डी कबड्डी" असा दम घ्यायचा, समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडायची आणि कोणाच्या हाती न लागता परत यायचं. मागे आमच्या गल्लीत काकी आणि इतर बायका ओवाळायची ताटं तयार ठेवून थांबल्या होत्या.

मैदानाच्या कडेला मोरे मास्तर हातगाडीजवळ उभे होते. इतकी वर्षं त्यांनी सगळ्या गल्ल्यांत वाजवलं होतं, फक्त सुपारी देणाऱ्याच्या गल्लीत नाही. संदेशने निदान रेषा ओलांडलेली त्यांनी पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी हात वर केला.

कर्णे मैदानाकडे तोंड करून होते. ढोल-ताशे एकदम सुरू झाले. संदेश अजून समोरच्या अंगणात होता, त्याचं तोंड हलताना दिसत होतं, पण पंचांना ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली आणि संदेशला बाद दिलं. दम ऐकू आला नाही, तर चढाई करणारा बाद. नियम तसाच आहे. समोरच्या संघाला एक गुण मिळाला आणि सामना बरोबरीत सुटला.

"सर, दम घेत होतो ना मी," संदेश पंचांना म्हणाला. "एवढा बँजो वाजतोय, ऐकू कसं येणार?"

"बँजो कोणाचा आहे?" पंचांनी विचारलं.

सगळे एका दिशेला बघायला लागले.

"माझो," काका म्हणाले.

बरोबरी सोडवायला दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळाल्या. त्यात आम्ही एका गुणाने हरलो.

मोरे मास्तर हातगाडीच्या दांडीवर बसून राहिले. पथकातली पोरं वाद्यं आवरायला लागली. मंगेश चषक घेऊन आला खरा, पण बँजो मागायची त्याची हिंमत होईना. काका मास्तरांपाशी गेले.

"उठ रे. बसलंस कित्याक?"

"काका, आज माझ्यामुळे गेलं."

"गप रव. हात कोणी वर केल्यान, तूच ना? मगे पुरो वाजव."

मास्तर उठले. सवयीने त्यांनी हातगाडी फाटकाकडे, आरेच्या रस्त्याला वळवली. तेव्हा मंगेशने पुढे होऊन दांडी धरली आणि गाडी उलट फिरवली. "आधी इकडून," तो म्हणाला. "मग वर जाऊ."

बँजो आमच्या गल्लीत शिरला. लांबून वाद्यं ऐकून बायकांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. काकींनी सर्वांत पुढे असलेल्या, चषक धरलेल्या पोराला कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात पेढा कोंबला आणि मग नीट बघितलं.

"ह्यो कोण?"

"मी मंगेश, काकी. आरेचा."

काकींनी काकांकडे बघितलं. काका वाहनं अडवायला पुढे धावत होते. गल्लीत एकही वाहन नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पसरून, चेहरा गंभीर ठेवून मिरवणूक शेवटच्या इमारतीपर्यंत नेली आणि तिथून परत फिरवली. माझ्या जवळून जाताना ते थांबले.

"पाणी इला रे. दुसऱ्याच्या नळाक इला. पण आमच्या गल्लीतून गेला."

दुसऱ्या दिवशी निकाल एका वाक्यात छापून आला, आमचं नाव दुसरं. काकांनी अंक उलटून पाहिला आणि विचारलं, "बँजोचा काय नाय लिवलंस?" जागा नव्हती, असं मी सांगितलं. ते खरंच होतं.

काका-काकी मुलुंडला भाड्याच्या घरात गेले. त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मोरे मास्तर आले. पथक नव्हतं, एकटेच होते. मागे इमारतींभोवती पत्रे लागायला सुरुवात झाली होती. काकी आधीच पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. काकांनी खिशातून पाकीट काढून मास्तरांच्या हातात दिलं.

"हे कसलं?" मास्तरांनी विचारलं.

"सुपारी."

"तीन वर्षं आहेत काका. मैदान नाही, संघ नाही."

"म्हणान आधी सांगतंय. मगे तू मिळाक नाय तर?"

मास्तरांनी पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग ते थोडे घुटमळले, आणि त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"कुठल्या गल्लीत जायचं?"

टेम्पोतून काकींचा आवाज आला. "आपल्याच. आणि ह्या वेळी शिट्टी होईपर्यंत हात खाली ठेवा, मास्तर."