खडूनं वाचलेला दगड

तिला सगळे टाचणी म्हणत. शिवताना तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि जे असेल ते टोचणारं. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागच्या खोलीत आजारी आई.

आई भिंतीला धरून चाले. हात कुणाला धरू देत नसे. लहानपणी होडी उलटली तेव्हा आपल्या आईनं पाण्यात आपला हात सोडला, असं ती जन्मभर सांगत आली होती. पाच वर्षांची पोर वाहत खालच्या गावाला लागली. एका नावाड्यानं तिला वाढवलं.

"मला सोडून ती पोचली असेल काठावर," आई म्हणे. "दुसरा संसारही थाटला असेल. डोळे मिटायच्या आत एवढं कळू दे."

म्हणून सुट्टी आली की टाचणी नदीकाठची एकेक दफनभूमी पालथी घाली. हाताशी आजीचं नाव आणि होडी बुडाली तो दिवस, बस्स. शेवाळलेल्या दगडावर ती कापडावर खुणा करायचा खडू आडवा घासे. दगड पांढरा होई, खोल अक्षरं तेवढी काळी राहत.

"ताई, इथं मापं घेऊन उपयोग नाही," एका ठिकाणचा राखणदार म्हणाला. "आमची गिऱ्हाइकं आता वाढत नाहीत."

"तक्रारही करत नाहीत. नशीबवान आहात."

कोपऱ्यातल्या दगडावर खडू फिरला आणि आजीचं नाव उमटलं. दिवस तोच. म्हणजे आजी काठावर पोचलीच नव्हती. टाचणीला हायसं वाटलं. मग खडू खाली सरकला. तिथं तिच्या आईचं नाव होतं. वय पाच. त्याखाली एक ओळ: मायलेकी एकमेकींच्या मिठीत सापडल्या.

"ही पोर म्हणजे माझी आई," टाचणी म्हणाली. "ती तर घरी चहाची वाट बघत बसलीय."

राखणदार दगडाकडे बघत राहिला. "पाण्यानं फुगलेले चेहरे कोण ओळखणार, ताई? बाईच्या मिठीतली पोर बाईचीच, असं धरून चालले असतील."

खडू तिच्या बोटांत मोडला.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे तिनं सोडलं नाही," आई म्हणाली.

"नाही. शेवटपर्यंत धरून होती. तूच आहेस असं समजून."

"पाणी फार गढूळ होतं," आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या आईची बाजू घेत होती. मग हळूच म्हणाली, "ती पोर कुणाची गं?"

टाचणीनं मोडक्या खडूचे तुकडे खिडकीत ठेवले.

"माझ्या नावाखाली निजलीय बिचारी. तिची आई शोधून शोधून गेली असेल."

संध्याकाळी उठायची वेळ झाली. आईनं सवयीनं भिंतीकडे हात नेला. थांबली. मग तो लेकीपुढे केला.

"धर. पण आधी नीट बघ. मीच आहे ना?"